प्रकाशाचा रंग काढा, वस्तूचा नको

लगीनसराई तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रंगाच्या तक्रारी वाढतात. या खेपेला त्या इतक्या आल्या की लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या यांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. माझं स्वतःचं काम दोनच प्रकारचं आहे, साड्यांचे कॅटलॉग आणि जुन्या चित्रांचं दस्तऐवजीकरण. दोन्हीकडे रंग चुकला की बाकी फोटो कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग नसतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. आता बरीच विक्री फोटो पाठवूनच होते. डाळिंबी साडी फोटोत तपकिरी दिसते, मोरपंखी कधी निळी येते तर कधी हिरवी. "फोटोत वेगळाच रंग होता" म्हणून साड्या परत येतात. भाच्याच्या सांगण्यावरून पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स सेट केला, तर सगळंच पिवळट आलं. कॅमेरा बदलू का? — एक विक्रेती, येवला

उत्तर : कॅमेरा बदलू नका. तुमच्या पत्रात चार निरनिराळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुट्या केल्या तर आहे त्याच कॅमेऱ्यावर काम होईल.

पहिली अडचण ऑटोची. व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाची रंगझाक काढून पांढरं ते पांढरं दाखवायची कॅमेऱ्याची सोय, आणि ऑटोवर ती झाक किती ते कॅमेरा स्वतःच ठरवतो. कॅमेऱ्याला दिवा दिसत नाही, साडीवरून परतून आलेला उजेड तेवढा दिसतो. तो उजेड लाल असेल तर लाली साडीची की दिव्याची, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्सच्या मुळाशी एक गृहीतक असतं, की चौकटीतले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखाडी यावा. बाजारातली गर्दी किंवा घरातली मंडळी यांच्या फोटोत हे बऱ्यापैकी जमतं. पण चौकटभर डाळिंबी पैठणी पसरलीत की कॅमेरा समजतो, इथला उजेडच लाल आहे. मग तो लाल कमी करतो आणि त्याच्या उलटे रंग वाढवतो. हल्लीचे कॅमेरे यापेक्षा हुशार आहेत, तरी एकाच गडद रंगाने चौकट भरली की अजूनही फसतात. साडीच्या फोटोला ऑटो वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण कागदाची. भाच्याने रीत बरोबर सांगितली, वस्तू चुकीची निवडली. छपाईचा कागद जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. उजेडातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ते शोषून घेतं आणि त्यांच्या बदल्यात निळसर उजेड बाहेर टाकतं. म्हणजे दाराशी धरलेला तो कागद खरं तर निळसर होता. तुम्ही कॅमेऱ्याला सांगितलंत की हाच पांढरा, त्याने तेवढा निळा काढून टाकला आणि उरलं ते पिवळं. नीळ घातलेला सदरा किंवा धोतर धरलंत तरी असंच होणार, कारण नीळ घालायचीच असते कपड्याचा पिवळेपणा झाकायला. साड्यांच्या दुकानात पांढरं कापड हाताशी असतं, म्हणून मुद्दाम सांगते.

त्याऐवजी फोटोच्या सामानाच्या दुकानातून ग्रे कार्ड आणा. पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं हे राखाडी कार्ड असतं. त्याचा खरा गुण असा की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही ते सारख्याच प्रमाणात परत पाठवतं. कार्ड मिळेपर्यंत नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पुष्कळ पदर देऊन घट्ट गुंडाळा. तिच्यात शुभ्रपणासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे कागदापेक्षा ती कितीतरी विश्वासाची. फक्त पांढऱ्या वस्तूवर मोजताना एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, थोडं कमी ठेवा. पांढरा फुटला, म्हणजे तिन्हींपैकी एक जरी रंग टोकाला जाऊन अडकला, तरी मोजमाप खोटं येतं.

मोजायची पद्धत अशी. साडी जिथे आणि जशी ठेवणार तिथेच, त्याच दिशेला तोंड करून कार्ड ठेवा. कार्ड स्वतःजवळ आणि साडी चार फुटांवर, असं नको. कॅनन असेल तर कार्डाने चौकटीचा मधला भाग भरून एक फोटो काढा, मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा आणि मग व्हाइट बॅलन्सच्या यादीतून कस्टमचं चिन्ह लावा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि पद्धतच चालत नाही म्हणतात. निकॉनच्या डीएसएलआरवर पीआरई निवडून व्हाइट बॅलन्सचं बटण दाबून धरा, अक्षरं लुकलुकू लागली की कार्डाचा फोटो घ्या. जमलं की नाही ते कॅमेरा स्वतःच सांगतो. सोनीत कस्टम सेटअप असतं, तिथे कार्डावर मधली खूण आणून बटण दाबलं की झालं. फोनवर काढत असाल तर प्रो मोडमध्ये केल्विनची, म्हणजे उजेड किती पिवळा की निळा ते सांगणाऱ्या आकड्याची, पट्टी सापडेल. फोटोत कार्ड डोळ्यांना निव्वळ राखाडी दिसेपर्यंत ती सरकवा आणि मग हलवू नका.

तिसरी अडचण दुकानातल्या उजेडाची, आणि खरं दुखणं इथेच आहे. तुमच्या दुकानात बहुधा वर ट्यूबलाइट असेल, काठाची जर चमकावी म्हणून पिवळे स्पॉट असतील आणि दारातून दिवसाचा उजेडही येत असेल. व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच जातीचा उजेड सरळ करू शकतो. तिन्ही मिसळले तर पदर बरोबर आणि काठ निळा, नाही तर काठ बरोबर आणि पदर पिवळा, असंच होत राहणार. फोटोपुरते दुकानातले सगळे दिवे बंद करा आणि दाराजवळ, पण उन्हाच्या पट्ट्याबाहेर साडी मांडा. जुन्या दुकानांत बायका साडीचं टोक धरून उंबऱ्यापर्यंत जातात आणि दिवसाच्या उजेडात रंग बघतात, ती खोड अगदी शास्त्रशुद्ध आहे. ट्यूबखाली एकसारखे दिसणारे साडी आणि ब्लाउजपीस बाहेर आल्यावर दोन तऱ्हेचे निघतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. शेजारच्या भिंतीकडेही बघा. पिस्ता किंवा गुलाबी रंगाची भिंत जवळ असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड साडीवर पडतो. तिथे पांढरी चादर टांगा. इथे नीळ घातलेली चादरही चालेल, कारण तिच्यावर आपण मोजत नाही, उजेड मोजतो तो कार्डावर.

डाळिंबी तपकिरी होते, त्याचं मूळ स्वस्त एलईडीत असण्याची शक्यता मोठी आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर उजेड देणाऱ्या पावडरीचा थर देतात आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. पण अशा उजेडात गडद लाल फारच थोडा असतो. मुळात दिव्यातच नसलेला लाल साडीवरून परत येणार कसा? आणि जो परत आलाच नाही तो कोणताही व्हाइट बॅलन्स आणू शकत नाही. दिवे घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघा, पण त्यावर थांबू नका. तो आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद लालाचा त्यात हिशेब नसतो. गडद लालासाठी आर-९ नावाचा वेगळा आकडा असतो. सीआरआय ९५ च्या पुढे आणि आर-९ ९० च्या आसपास असे दिवे थोडे महाग पडतात, पण कुंकू, डाळिंबी, राणी, गुलबक्षी विकणाऱ्या माणसाने हा खर्च करावाच.

चौथी मोरपंखी. हिचा दोष ना कॅमेऱ्यात ना उजेडात, आणि खरं म्हणजे तो दोष नाहीच. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलेल तसा रंग पालटतो, धूपछाँवची सगळी गंमत त्यातच आहे. अशा साडीचा एकच खरा फोटो निघू शकत नाही. समोरून एक, तिरपा एक आणि निऱ्या पाडून एक, असे तीन फोटो पाठवा आणि सोबत शब्दांत लिहा, "निळा-हिरवा दुरंगी, हलवल्यावर बदलतो".

आता ग्राहकाची बाजू. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या दुकानात काढलेला एका झग्याचा फोटो जगभर फिरला होता. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. झगा प्रत्यक्षात निळा-काळाच होता. फोटोत उजेड कसला आहे याची नीट खूण नव्हती, म्हणून बघणाऱ्याचा मेंदू आपल्या मनाने उजेड गृहीत धरायचा आणि त्याप्रमाणे रंग ठरवायचा. तुम्ही चौकटभर नुसतीच साडी दाखवता तेव्हा तुमच्या ग्राहकावरही हीच वेळ आणता. साडीवर हात ठेवलेला एक तरी फोटो पाठवा. माणसाची त्वचा सगळ्यांच्या ओळखीची, तिच्यावरून नजर उजेडाचा अंदाज घेते. शिवाय पुष्कळांच्या फोनवर रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करणारी सोय चालू असते. "फोटो बघताना फोनचा नाइट मोड बंद ठेवा" ही एक ओळ फोटोखाली कायमची टाका. आणि कॅमेऱ्यात कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंग नोंदवायची पद्धत, एसआरजीबी आहे ना ते तपासा. ॲडोबी आरजीबीवर राहिलं असेल तर पुष्कळ पडद्यांवर तेच रंग मेलेले दिसतात.

प्रश्न : मॅडम, पुस्तकात वाचलं की केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो. यातलं खरं काय? — एक कला विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही खरं आहे. पुस्तक उजेडाबद्दल सांगतं. लोखंड तापवलं की आधी लालभडक, मग पिवळं, मग पांढरं होतं, तसा पदार्थ जितका तापेल तितका त्याचा उजेड निळ्याकडे सरकतो. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विनची, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० चा, स्टुडिओतला टंगस्टन ३२०० चा, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आणि झाडाखालची किंवा इमारतीची सावली ७००० ते ८००० ची. सावलीत ऊन नसतं, निळ्या आभाळाचाच उजेड असतो, म्हणून तिचा आकडा एवढा वर जातो.

कॅमेऱ्यात आकडा लावतोस तेव्हा तू उजेड बदलत नाहीस. समोरचा उजेड अमुक आकड्याचा आहे, अशी कॅमेऱ्याला खबर देतोस. ८००० सांगितलंस की तो म्हणतो, उजेड निळा आहे तर मी पिवळा मिसळतो. तू बसलायस बल्बखाली आणि सांगतोयस ८०००, म्हणून आधीच पिवळ्या फोटोत आणखी पिवळं पडतं. करून बघ. बल्बखाली एक पांढरी बशी ठेव आणि २८००, ४०००, ५५००, ८००० असे चार फोटो घे. हे चार फोटो शेजारी ठेवून बघितलेस की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

फिल्मच्या काळात आकडा लावायची सोयच नव्हती. वडिलांच्या स्टुडिओत दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म बल्बखाली वापरायची झाली की लेन्सवर ८०ए नावाची निळी काच चढवत आणि टंगस्टनची फिल्म उन्हात वापरायची तर ८५बी नावाची नारिंगी. निळी काच साधारण दोन स्टॉप उजेड खायची (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे आधीच कमी उजेडात शटर आणखी हळू करावं लागे. आज तू बोटाने जे फिरवतोस ते त्या काचांचंच काम आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेव. केल्विनची पट्टी निळा-पिवळा एवढंच सांभाळते. ट्यूबखाली जी हिरवी झाक येते तिच्यासाठी हिरवा-किरमिजी असा दुसरा अक्ष असतो, बहुतेक कॅमेऱ्यांत तो व्हाइट बॅलन्स शिफ्ट या नावाने सापडेल. नुसती केल्विनची पट्टी पुढेमागे करूनही चेहरे बरे दिसत नसतील तर गडबड बहुधा त्या अक्षावर असते.

प्रश्न : मी लग्नांचे फोटो काढतो. हळदीला मांडवाचं कापड पिवळं-केशरी असतं, त्यातून ऊन झिरपतं. ऑटोवर ठेवलं तर नवरीची हळद फिकी पडते आणि चेहरे राखाडी दिसतात. उन्हाचं सेटिंग ठेवलं तर सगळे काविळीचे रुग्ण वाटतात. काय करू? — एक छायाचित्रकार, मिरज

उत्तर : ऑटोला हळद, झेंडू आणि मांडव या तिन्हींत फरक करता येत नाही, म्हणून तिन्हींचा पिवळा तो सरसकट काढतो. तुम्हाला मांडवाचा पिवळा काढायचा आहे आणि हळदीचा ठेवायचा आहे. हे मोजल्याशिवाय होणार नाही. विधी सुरू व्हायच्या आधी नवरीच्या पाटावर ग्रे कार्ड धरून कस्टम घ्या. मग व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये अंबरकडे, म्हणजे पिवळसर-नारिंगीकडे, एक-दोन घरं सरका. अगदी तंतोतंत मोजलेला रंग हळदीच्या फोटोला रुक्ष वाटतो. मांडवाची थोडी ऊब राहिलेली घरच्या मंडळींना आवडते, आणि मलाही आवडते. ऊन सरकलं, कनात उघडली, कुणी हॅलोजन लावला, की पुन्हा मोजा.

कापड फार गडद असेल तर मोजूनही भागत नाही. केशरी कापड उजेडातला निळा अडवूनच ठेवतं. मग कॅमेरा उरलासुरला निळा ताणून मोठा करतो आणि काळ्या केसांत, गडद शालूत निळे ठिपके उठतात. अशा ठिकाणी मी यजमानांना आदल्या दिवशीच विनंती करते की पाट मांडवाच्या कडेला, मोकळ्या आभाळाच्या बाजूला मांडा. बाजूने येणारा स्वच्छ उजेड चेहऱ्यावर पडतो आणि केशरी कापड मागे राहून उलट शोभतं. गुरुजींना दिशेचं काही असेल तर ते आधी विचारून घ्यावं, आयत्या वेळी पाट हलवायला सांगू नये.

फ्लॅश वापरणार असाल तर त्याचा उजेड दिवसाच्या जातीचा असतो आणि मांडवाचा केशरी. चेहरे एका रंगाचे आणि मागची माणसं दुसऱ्या रंगाची होतील. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे उजेड नारिंगी करणारा पारदर्शक रंगीत कागद, लावा. पूर्ण जेल ५५०० चा उजेड ३२०० च्या आसपास आणते, मांडवाला अर्धी बहुधा पुरते. जेल लावूनच कार्डावर पुन्हा मोजा.

आणि लग्न रॉमध्येच काढा. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, तिच्यात व्हाइट बॅलन्स नुसता नोंद म्हणून जातो, नंतर हवा तसा बदलता येतो. जेपेगमध्ये तो रंगात शिजून जातो. प्रत्येक नव्या उजेडात कार्डाचा एक फोटो घेतलात की घरी संगणकावर रंग मोजणारा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवायचा आणि तोच हिशेब त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावायचा. रात्री जागून एकेक फोटो डोळ्यांनी जुळवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सभागृहात कबड्डीचे फोटो काढते. सेटिंग एकच, जागा एकच, पण लागोपाठच्या तीन फोटोंचे रंग तीन तऱ्हेचे. एकात तर वरचा भाग पिवळट आणि खालचा पांढरा. व्हाइट बॅलन्स कस्टम केला तरी तेच. — एक क्रीडाशिक्षिका, चिपळूण

उत्तर : तुम्ही मोजमाप बरोबर केलं आहे, तुमचा उजेडच एका जागी ठरत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. ती मंदावते तेव्हा तिचा रंगही पिवळट होतो, कारण आतल्या पावडरीतले वेगवेगळे रंग सारख्या वेगाने विझत नाहीत. डोळ्यांना हे कळत नाही. कबड्डीसाठी तुम्ही १/५०० किंवा १/१००० चं शटर लावलं असणार, म्हणजे प्रत्येक फोटो त्या चढउताराचा एकेक तुकडाच पकडतो. अर्धी चौकट पिवळी येते कारण एवढ्या वेगात शटर चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातं, तेवढ्यात ट्यूब बदललेली असते.

शटर १/१०० किंवा १/५० ठेवलंत तर एक पूर्ण चढउतार प्रत्येक फोटोत मावेल आणि रंग स्थिर होईल. पण चढाई करणारा गडी पुसट येईल, हेही खरं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर आहे का बघा. कॅननने ती सोय २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये आणली आणि आता पुष्कळ कॅमेऱ्यांत आहे. ट्यूब सर्वांत तेज असेल त्या क्षणाची वाट पाहून ती शटर सोडते. मुख्याध्यापकांकडे शब्द टाकता आला तर जुने चोक काढून इलेक्ट्रॉनिक चोक बसवून घ्या. त्यावर ट्यूब इतक्या वेगाने लुकलुकते की कॅमेऱ्याला फरक पडत नाही. साधे, स्वस्त एलईडी लावलेत तर मात्र काही जातींत हाच त्रास पुन्हा येतो.

स्नेहसंमेलनातल्या रंगीत एलईडीबद्दलही तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे. निव्वळ निळ्या दिव्याखाली उभ्या मुलीचा चेहरा कोणत्याही आकड्याने गव्हाळ होणार नाही. तिथे ५००० च्या आसपास एक आकडा ठेवून द्या आणि नाचाला जो रंग दिला आहे तो तसाच येऊ द्या. पांढरा झोत चेहऱ्यावर येतो तेवढे क्षण टिपा.

प्रश्न : अजिंठ्याला जाऊन आलो. फ्लॅशला बंदी, ते योग्यच. पण माझ्या फोटोंत भिंती नारिंगी आल्या. संगणकावर पांढरं करायला गेलो तर चित्रं निळसर आणि परकी दिसू लागली. मूळ रंग कसे ओळखायचे? — एक निवृत्त वाचक, जळगाव

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण चित्र परकं झालं हे तुम्हाला स्वतःला जाणवलं. संगणकावर तुम्ही ड्रॉपर नेमका कुठे टेकवलात? चित्रातल्या एखाद्या पांढऱ्या भागावर टेकवला असेल तर गडबड तिथेच झाली. तो पांढरा आज पांढरा नाही. शतकानुशतकांचा धूर आणि धूळ त्यावर आहे. त्यात १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्यात बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं व्हार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं. पुरातत्त्व खात्याने पुष्कळ ठिकाणी ते काढलं आहे, तरी भिंतीची ऊब भिंतीचीच आहे. तुम्ही तो पिवळेपणा दिव्याचा समजून काढलात, त्याबरोबर चित्राचाही रंग गेला.

पुढच्या वेळी खिशात मावेल एवढं ग्रे कार्ड न्या. भिंतीच्या जवळ जायचं नाही, हात लावायचा तर प्रश्नच नाही. भिंतीवरचा उजेड कठड्याच्या अलीकडे जिथे सांडतो तिथे कार्ड धरून एक फोटो घ्या आणि लगेच त्याच उजेडातल्या चित्राचा. एका लेण्यातलं मोजमाप दुसऱ्यात वापरू नका. दारातून दिवसाचा उजेड आत येत असेल तर दाराजवळच्या भिंती आणि आतल्या भिंती वेगळ्या मोजा. रॉमध्ये काढा, आयएसओ वाढवायला भिऊ नका, आणि ट्रायपॉडसाठी परवानगी लागते म्हणून खांबाला पाठ टेकवून श्वास रोखा.

मग समोर जे येईल ते निमूट मान्य करा. त्या चित्रकारांकडे गेरू होता, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि केओलिन ही पांढरी माती होती. वाकाटक काळातल्या चित्रांत अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्दी निळाही सापडतो. मातीचे रंग बहुतांशी उबदारच असतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो तुम्हाला मातकट वाटला, आणि त्याच उजेडात काढलेल्या फोटोत कार्ड निव्वळ राखाडी असलं, तर तो फोटो बरोबर आहे. मला चित्रांच्या दस्तऐवजीकरणात सर्वांत जास्त झगडावं लागतं ते याचसाठी. छापखान्यातल्या माणसाला वाटतं, पांढरं पांढरं दिसलं पाहिजे, आणि तो मेहेरबानी म्हणून दीडशे वर्षांचं चित्र नवं करून देतो. म्हणून कार्डाचा फोटो मी फाइलसोबत नेहमी जोडते.

प्रश्न : सूर्यास्त डोळ्यांना जर्द दिसतो, फोटोत फिका येतो. — एक वाचक, दापोली

उत्तर : ऑटो काढून सूर्याचं चिन्ह लावा, त्याचा आकडा बहुतेक कॅमेऱ्यांत ५२०० च्या आसपास असतो. एक्सपोजर एक स्टॉप कमी करा. आणखी जर्द हवा तर ढगाचं चिन्ह लावा. ग्रे कार्ड घरीच राहू द्या, इथे उजेडाचा रंग हाच फोटोचा विषय आहे.

प्रश्न : कासच्या पठारावर काढलेल्या फोटोंत जांभळी फुलं निळी येतात. ग्रे कार्डाने मोजूनही फरक नाही. — वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : कार्ड वापरलंस हे उत्तम, कारण आता दोष कुठे नाही ते आपल्याला पक्कं कळलं. आपल्या डोळ्यांतल्या तीन रंगग्राहकांची आणि सेन्सरवरच्या तीन गाळण्यांची ठेवण एकसारखी नसते. बहुतेक रंगांत ते झाकलं जातं, जांभळ्याच्या टोकाला उघडं पडतं. सीतेची आसवं, कारवी, तेरड्याच्या काही छटा यांच्या बाबतीत हा अनुभव पुष्कळांना येतो. तुझं काम फुलांची ओळख पटवण्याचं आहे, तेव्हा कलरचेकर, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या २४ चौकोनांचा तक्ता, कुणाकडून तरी मागून घे. धुक्यात एकदा आणि उघडिपीत एकदा त्याचा फोटो काढून दोन्ही उजेडांसाठी कॅमेऱ्याचं रंग-प्रोफाइल बनव. व्हाइट बॅलन्ससाठी त्यातला पांढरा चौकोन घेऊ नकोस, शेजारचा फिकट राखाडी घे. वहीत फुलाचा रंग तिथल्या तिथे शब्दांत लिहून ठेव, आणि शक्य असेल तर रंगतक्त्यातला क्रमांकही. एवढं करूनही निळेपणा उरला तर सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळ्या-जांभळ्या पट्ट्याचा ह्यू (रंगछटा) थोडा जांभळ्याकडे सरकव आणि तशी नोंद फाइलमध्ये ठेव. व्हाइट बॅलन्सला मात्र हात लावू नकोस. तो हलवलास तर शेजारची सोनकी आणि खालचं गवतही त्याच्यासोबत हलेल.